हंटर सोडून काहीतरी अवघड खेळायचंय, कुठला क्लास घेऊ?

मध्यरात्रीचा_काजवा

नमस्कार मंडळी,

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (वॉव) क्लासिक हा ऑनलाइन गेम खेळतो. 2019 ला सर्व्हर उघडले तेव्हापासून मेन (मुख्य पात्र) एकच, हंटर, म्हणजे पाळीव प्राणी (पेट) घेऊन लांबून बाण मारणारा क्लास (पात्राचा प्रकार). लेव्हल 60, गिअर (शस्त्रं-चिलखत) बरा, गिल्ड (एकत्र खेळणारा गट) चांगली, तक्रार करायला जागा नाही. आणि तीच तक्रार आहे.

परवा रेड (गटाने बॉसवर चढाई) चालू होती. चाळीस जण, बॉस अर्ध्यावर आलेला, आणि मी दुसऱ्या खिडकीत ऑफिसची मेल पुरी करत होतो. पेट सोडलेला, ऑटो शॉट चालू, मधे एकदा येऊन दोन बटणं दाबून गेलो. बॉस पडला. नंतर डॅमेज मीटर बघितला तर मी अकरावा. माझ्या खाली जे होते त्यातले निम्मे तरी जीव तोडून खेळत होते. आनंद व्हायच्या ऐवजी कसंतरीच झालं.

जिवावर बेतलं की एफ दाबायचं, एवढंच मला येतं. एफवर फेन डेथ आहे. मेल्याचं सोंग घेऊन आडवं व्हायचं, राक्षस कंटाळून निघून जातो, मग उठायचं. इतक्या वर्षांत माझ्या प्रत्येक चुकीवर हाच उतारा.

तर आता मुद्दाम अवघड क्लास घ्यायचाय. गिल्डमधले म्हणतात सुखाचा जीव दुःखात कशाला घालतोस. ज्यांनी सोप्यावरून अवघडाकडे उडी मारली त्यांनी लिहा. दुसऱ्या गेममधले अनुभवही चालतील.

---

खारूताई

वाचतेय. माझाही हंटरच आहे आणि मी अजिबात सोडणार नाही. :)

---

ढालगज

आधी एक विचारते, अवघड म्हणजे काय हवंय तुला?

मी टँक आहे, म्हणजे सगळ्यांच्या पुढे राहून बॉसचा मार अंगावर घेणारी. हाताने बघशील तर माझं काम तुझ्यापेक्षा फार अवघड नाही. पण तू मेलास तर चाळीसातला एक गेला. मी मेले तर पुढच्या पाच सेकंदांत रांगेने सगळे जातात आणि मग व्हॉइस चॅटवर ती शांतता पसरते. ती शांतता ज्याने ऐकलीय त्यालाच कळेल.

पुढच्या बॉसचा कोपरा कुठला, तोंड कुणीकडे वळवायचं, वाटेतल्या कुठल्या टोळीला हात लावायचा नाही, हे सगळं डोक्यात ठेवून चालायचं. मेल लिहिणं सोड, मला शिंक आली तरी भीती वाटते.

---

रिकामटेकडा

ढालगजताईंशी असहमत. जबाबदारी वेगळी आणि अवघडपणा वेगळा. रस्ता पाठ झाला की टँकिंगसारखं निवांत काम नाही. पहिले दोन महिने पोटात गोळा, नंतर सगळं सवयीने होतं. उलट मागे उभे राहून डॅमेज करणारे काही क्लास असे आहेत की पाच वर्षांनीही रोज काहीतरी चुकतं.

उदाहरण देतो. गिल्ड वॉर्स 2 मधला एलिमेंटलिस्ट. आग, पाणी, हवा, माती अशा चार अवस्था, आणि प्रत्येक अवस्थेत हातातल्या शस्त्राची सगळी कौशल्यं बदलतात. बाकीचे बहुतेक क्लास लढाईच्या मधे शस्त्र बदलू शकतात, याला ती मुभा नाही, कारण याच्याकडे चार अवस्था आहेत ना. त्यात चिलखत सगळ्यात हलकं आणि जीवही सगळ्यात कमी. लेव्हल 80 ला वॉरियरचा मूळ जीव 19,212, एलिमेंटलिस्टचा 11,645. म्हणजे वॉरियर ज्या फटक्यावर "अरेच्चा" म्हणतो त्याच फटक्यावर मी जमिनीवर असतो.

2017 च्या विस्तारात वीव्हर आला. त्यात एका वेळी दोन अवस्था गुंफायच्या. डावीकडची कौशल्यं नव्या अवस्थेची, उजवीकडची आधीच्या अवस्थेची, आणि मधलं एक दोन्हींच्या मिश्रणाचं. मी महिनाभर रोज अर्धा तास नुसत्या सरावाच्या पुतळ्यासमोर उभा होतो. जमायला लागलं तेव्हा मनगट दुखायला लागलं.

तेव्हा काजवे, पहिला सल्ला: आधी मनगट बघ, मग क्लास.

---

ढालगज

पहिले दोन महिने पोटात गोळा होता हे तुम्हीच लिहिलंत. म्हणजे अवघडच ना ते? :D

---

रिकामटेकडा

पोहायला शिकतानाही गोळा येतो हो. दिवे घ्या.

---

जुनं_हाड

तुम्हा मुलांचं बघून हसू येतं. 1999 ला एव्हरक्वेस्ट आलं तेव्हा मी बार्ड घेतला होता. गाणं गायचं की आजूबाजूच्या सगळ्या टोळीला बळ मिळायचं. पण गाणं म्हणायला तीन सेकंद, आणि म्हणणं थांबवल्यावर त्याचा परिणाम आणखी थोडा वेळच टिकणार. म्हणून पहिलं गाणं सुरू करायचं, मधेच थांबवायचं, दुसरं सुरू, थांबव, तिसरं, थांबव, आणि पहिल्याचा परिणाम विरायच्या आत परत पहिलं. याला ट्विस्टिंग म्हणत. तासन्‌तास दर तीन सेकंदांनी एक बटण. पुढे त्यांनी हे आपोआप करणारी एक कमांड दिली, पण तोवर माझी तर्जनी कामातून गेली होती.

वर शिक्षा अशी की बार्ड, पॅलाडिन, रेंजर आणि शॅडो नाइट यांना लेव्हल चढायला 40 टक्के जास्त अनुभव लागायचा. टोळीत असलो की हा भार सगळ्यांवर पडायचा, त्यामुळे लोक तोंडावर सांगायचे, बार्ड नको. नंतर हा नियम काढला. अवघड क्लासचं कौतुक होतं हा भ्रम ठेवू नकोस एवढंच सांगायचं होतं.

---

पत्त्यांचा_बंगला

जुनं_हाड यांच्या शेवटच्या वाक्याला +१००.

रिचर्ड बार्टलचं नाव इथे काहींना माहीत असेल. 1978 ला पहिला मड (नुसत्या मजकुरावर चालणारा, अनेकांनी एकत्र खेळायचा गेम) सुरू झाला त्याच्या दोघा कर्त्यांपैकी एक. 1996 च्या लेखात त्याने खेळाडूंचे चार प्रकार पाडले आणि त्यांना पत्त्यांची चिन्हं दिली. चौकट म्हणजे मिळवणारे: लेव्हल, गिअर, खजिना. इस्पिक म्हणजे खणणारे, हे आतून कसं चालतं ते शोधणारे. बदाम माणसांसाठी येतात आणि किल्वर दुसऱ्याला बडवायला.

काजवा, तू स्वतःला चौकट समजतोयस, पण चौकटवाल्याला अकरावा नंबर मेल लिहिता लिहिता मिळाला तर तो पेढे वाटेल. तुला त्याची लाज वाटली. मला तू इस्पिक वाटतोस. हंटर खणून झाला, आता माती संपली.

ढालगजताई बदाम आहेत हे सांगायला नको.

---

ढालगज

ताई बदाम आहेत आणि हातात ढाल आहे, जपून.

---

ससा_डोक्यावर

माझं टोपणनाव बघून कळलंच असेल कुठला क्लास.

फायनल फँटसी 14 मध्ये निंजा खेळते. हातांच्या तीन मुद्रा आहेत: तेन, ची, जिन. त्या ठरावीक क्रमाने केल्या की विद्या प्रकट होते. एक क्रम केला तर वीज, दुसरा केला तर आग, तिसरा केला तर आणखी काही. क्रम चुकला तर काय होतं? काहीच होत नाही, फक्त तुमच्या डोक्यावर एक ससा प्रकट होतो. सगळ्यांना दिसेल असा.

पहिल्यांदा आठ जणांच्या लढाईत गेले. बॉसचा मोठा हल्ला येणार, सगळ्यांनी आपापली ठेवणीतली अस्त्रं एकाच वेळी काढायची, तो एक क्षण. सगळीकडे लखलखाट. आणि मधोमध मी, डोक्यावर ससा घेऊन. कुणी काही बोललं नाही. बॉस मेल्यावर हीलरने चॅटमध्ये फक्त एक गाजराचं चित्र टाकलं.

त्या दिवशी ठरवलं की हा क्लास सोडायचा नाही. आधी मी समनर होते, तिथे माझ्या चुका फक्त मला माहीत असायच्या. इथे चुकले की ससा. त्याने मी सहा आठवड्यांत जेवढी सुधारले तेवढी आधीच्या दोन वर्षांत नव्हते.

या गेममध्ये एकाच पात्राला सगळे क्लास शिकता येतात, तेव्हा नवं पात्र काढून कथा पहिल्यापासून खेळायची गरज पडत नाही. नाही जमलं तर शस्त्र बदललं की परत जुना क्लास. हे बरं की वाईट ते माहीत नाही. परतीचा रस्ता उघडा असला की माणूस परततो.

---

खारूताई

गाजर!!! मेले हसून.

---

उंबराचं_फूल

मी हीलर, डिसिप्लिन प्रीस्ट, क्लासिकमधला नव्हे, आत्ताच्या वॉवमधला. इथे बहुतेक उपचार मार पडल्यावर करत नाहीत. आधी एकेकावर अटोनमेंट लावून ठेवायचं, ते काही सेकंदच टिकतं, आणि तेवढ्यात आपण शत्रूला मारलं की ज्यांच्यावर ते लावलंय त्यांचे जीव भरतात. म्हणजे मार पडायच्या आधी तयारी सुरू व्हायला हवी. आभाळ भरून आलंय की नाही हे बघायचं नाही, घड्याळ बघून छत्री उघडायची. दोन सेकंद उशीर झाला तर छत्री उघडायला माणूसच शिल्लक नाही.

ब्रूमास्टर माँकचंही असंच काहीसं. त्याला पडलेला बराचसा मार लगेच लागत नाही, पुढच्या काही सेकंदांवर पसरतो. उधारीवर मार खाणे! मग प्युरिफाइंग ब्रू पिऊन निम्मी उधारी माफ करून घ्यायची. कधी प्यायचं हे ज्याला कळलं तो अमर, बाकीच्यांच्या दारात सावकार.

माझं मत, बोटांचा अवघडपणा चार महिन्यांत संपतो, वेळेचा संपत नाही. प्रत्येक नव्या बॉसला पाटी कोरी.

---

ठोकळा

हंटर सोपा आहे हेच मला मान्य नाही. सोपा हंटर सोपा आहे.

पाच ते आठ यार्डांमधला तो मृत पट्टा, जिथे बाणही मारता येत नाही आणि कुऱ्हाडही पोचत नाही, त्यात शत्रूला अडकू न देणं हे पीव्हीपीत (खेळाडू विरुद्ध खेळाडू) करून बघ. मॅग्मडार हा बॉस पिसाळला की त्याला शांत करणारा ट्रँक्विलायझिंग शॉट ठरल्या क्रमाने कोण मारतं? हंटरच. तेव्हा मेल लिहीत बसलास तर टँक भुईसपाट.

आणि रोकडेलार धनुष्य? मेजरडोमो या बॉसच्या पेटीतून त्यासाठीचं पान मिळतं, मग माणसांच्या वेशातले चार राक्षस शोधायचे आणि एकट्याने मारायचे. कुणी मदतीला एक फटका जरी मारला तरी राक्षस गायब. केलंस का ते? नसेल तर आधी ते कर, मग हंटर संपला म्हण.

---

मध्यरात्रीचा_काजवा

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

ठोकळा, केलंय. तुम्ही विषय काढलात म्हणून सांगतो. विंटरस्प्रिंगच्या बर्फात आर्टोरियसपुढून मागे मागे पळत बाण मारत होतो. गिल्डमधले तिघे लांब टेकाडावर नुसते बघायला उभे, हात लावायची सोय नाही. मी सात वेळा मेलो. सातव्या वेळी त्यांच्यातला एक म्हणाला, उद्या करू. मी म्हटलं तुम्ही जा. आठव्या वेळी तो पडला तेव्हा टेकाडावर कुणी नव्हतं.

एवढ्या वर्षांच्या हंटरगिरीत नीट आठवतात त्या त्या चार राक्षसांच्या रात्री. बाकी सगळ्या रेड एकमेकींत मिसळून गेल्यात.

---

ढालगज

मग तुझं उत्तर तूच दिलंस की. तुला माझ्यासारखा चाळीस जणांचा भार नकोय. तुला एकट्याला, कुणी वाचवायला नसताना, चुकांचा हिशोब चुकता करायचाय. टँक होऊ नकोस, तू दुसऱ्याच आठवड्यात चिडशील. क्लासिकमध्येच राहा आणि वॉरियर घेऊन लेव्हल एकपासून एकट्याने वर ये.

सगळे म्हणतात वॉरियर रेडमध्ये राजा. असतोच, पण ते गिअर आल्यावर. खालून वर येताना त्याच्यासारखं अनाथ कुणी नाही. स्वतःला बरं करणारा मंत्र नाही, पेट नाही, अदृश्य होणं नाही. रेज (खास वारांना लागणारी ताकद) आपण वार केल्यावर आणि मार खाल्ल्यावर साठतो, म्हणजे लढाई सुरू होते तेव्हा खिसा रिकामा. चार्ज (धावत जाऊन धडक) मारलास तर थोडा खुर्दा मिळतो. तुझ्याच लेव्हलच्या शत्रूवरही शंभरात पाच वार हुकणार. दोन हातांत दोन शस्त्रं घ्यायचा मोह होईल, घेऊ नको, साधे वार आणखी 19 टक्के हुकतात. मोठं, संथ, दोन हातांचं शस्त्र घे.

बँडेज शिक. शिकलास असं समजून पुढे जाऊ नको, खरंच शिक. लेव्हल 20 ला रिटॅलिएशन मिळेल, अर्ध्या तासाने एकदा, ते जपून वापर. 40 ला मॉर्टल स्ट्राइक आणि प्लेट (सगळ्यात जड चिलखत) आलं की दिवस पालटतात. तोवर एकावेळी एकच शत्रू. दोन आले तर पळ. तीन आले तर पळूही नको, उपयोग नाही.

---

रिकामटेकडा

आज पहिल्यांदा ढालगजताईंशी पूर्ण सहमत. तारीख लिहून ठेवा.

---

नुसताच_वाचक

हार्डकोअरवर का नाही खेळत? 2023 पासून अधिकृत सर्व्हर आहेत. मेलास की संपलं, पात्र कायमचं गेलं. अवघडच हवंय ना?

---

ढालगज

नको. तिथे माणूस अवघड खेळत नाही, घाबरत खेळतो. आपल्यापेक्षा चार लेव्हल खालचे शत्रू मारत बसतो. याला मरायची सवय व्हायला हवीय, न मरायची आधीच आहे.

---

नुसताच_वाचक

हे पटलं नाही, पण वाक्य भारी आहे.

---

पत्त्यांचा_बंगला

धागाकर्ते, काय ठरलं ते लिहा बरं का. असे धागे अर्धवट सोडून लोक गायब होतात.

---

मध्यरात्रीचा_काजवा

गायब नव्हतो, मरत होतो. पाच आठवडे झाले. मानव वॉरियर, आज लेव्हल 24. एकदाही दुसऱ्याची मदत घेतली नाही, डंजन (गटाने उतरायच्या गुहा) सोडून.

पहिला धडा वेस्टफॉलमध्ये. शेतातला एक डिफियस चोर, माझ्याच लेव्हलचा. चार्ज मारला, पहिले दोन वार हुकले, तरी त्याला मरायला टेकवला. मी खूश. तर तो पाठ फिरवून पळाला. हंटर होतो तेव्हा पळणाऱ्याच्या पाठीत बाण घालायचो, तो चार पावलं गेला की संपायचा, त्यामुळे हे पळतात याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. हा पळाला, शेडमागे गेला आणि दोन मित्र घेऊन आला. माझा रेज शून्य, जीव तिसरा हिस्सा, आणि चार्ज तर लढाई चालू असताना मारताच येत नाही. मेलो.

स्मशानापासून चालत परत आलो, पुन्हा तोच चोर, पुन्हा पळाला, पुन्हा मेलो. तिसऱ्यांदा तो मरायला टेकल्यावर आधी हॅमस्ट्रिंग मारलं. लंगडत पळायला लागला. मी शेजारून चालत चालत मारला. हॅमस्ट्रिंग माझ्याकडे लेव्हल 8 पासून होतं! बटणपट्टीवर एका कोपऱ्यात पडून होतं आणि मला वाटत होतं ते पीव्हीपीसाठी असतं.

आता शत्रूकडे जायच्या आधी आजूबाजूला बघतो. कोण कुठून कुठे फिरतंय, हा पळाला तर कुठल्या दिशेने पळेल, तिकडे कोण उभं आहे. त्याने वार चुकवला की लगेच ओव्हरपॉवर, तेवढी फट काही सेकंदच असते. एकेक शत्रू म्हणजे एकेक छोटं गणित, आणि बहुतेकदा हातचा धरायचा राहतो.

परवा डस्कवुडमध्ये तीन लांडगेमाणसं एकदम अंगावर आली. रिटॅलिएशन लावलं. पंधरा सेकंद ती मला मारत होती आणि प्रत्येक फटक्याला माझा उलटा फटका जात होता. दोन पडली. तिसरं आणि मी, दोघांचेही जीव बोटावर मोजण्याइतके. मी हुकलो. ते हुकलं. मी हुकलो. मग मी नाही हुकलो.

खुर्चीवरून उठून खोलीत एक फेरी मारली आणि मग बँडेज बांधली.

---

खारूताई

आणि हंटर? पेटचं काय केलंस रे?

---

मध्यरात्रीचा_काजवा

मांजर तबेल्यात बांधून आलोय. रेडला सध्या जात नाही, गिल्ड कुरकुरतेय, पण माझी जागा दुसऱ्या हंटरला दिली. त्याचाही नंबर अकराच्या आसपास असतो म्हणे.

एक सवय मात्र जात नाही. घाबरलो की बोट अजून एफवर जातं. तिथे काहीच ठेवलेलं नाही, मुद्दाम.